आजोबांच्या रॅलेचा कॉटर टिकत नाही, कॉटरलेस बसवून घेऊ का?

आर्वीकर | ३ जून, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

सायकल आजोबांची आहे. नॉटिंगहॅमची रॅले, २४ इंची फ्रेम, सळ्यांचे ब्रेक, २८ x १½ ची चाकं, पुढे बगळ्याच्या डोक्याचा बिल्ला. आजोबांनी ती नागपूरला घेतली, पुलगावपर्यंत मोठ्या गाडीनं आणि तिथून आर्वीला छोट्या गाडीनं आणली, असं बाबा सांगायचे. पुढे बाबांनी मास्तरकीची सगळी वर्षं तिच्यावरच काढली. शाळा नऊ किलोमीटरवर होती. आता मी रोज तिच्यावर शेतात जातो. जाऊन-येऊन आठ किलोमीटर, निम्मा डांबरी रस्ता, निम्मी पांदण.

त्रास डाव्या क्रँकचा, म्हणजे पायडल ज्याला लागतं त्या दांड्याचा आहे. पायडल दाबलं की दर फेरीला एकदा ‘टक्’ आवाज येतो आणि पायाखाली क्रँक किंचित सरकल्यासारखा वाटतो. क्रँकला एक्सलवर (मधल्या आडव्या दांड्यावर) घट्ट धरणारी खीळ म्हणजे कॉटर. होळीपासून असे तीन कॉटर बदलले. नवा टाकला की पंधरा दिवस बरं, मग पुन्हा तेच.

तालुक्याच्या दुकानात म्हणाले, हे जुनं सगळं काढा, कॉटरलेस (बिनखिळीचा) क्रँक आणि सीलबंद बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे एक्सल, बेअरिंगचे छर्रे आणि वाट्या असा सगळा संच) टाकून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. बीबीच्या खोक्यावर ६८ x १२२.५ लिहिलेलं आहे. मृग लागायच्या आत सायकल रस्त्यावर हवी. घेऊ का बसवून? आणि हे आकडे कशाचे?

छर्रेवाला | ३ जून, रात्री १०:०२

भाऊ, आधी थांबा. त्या खोक्यातली वाटी (बाजूले आट्यांवर फिरवून बसवतात ती) तुमच्या फ्रेममंधी कोणाले फिरवू देऊ नका. मी बत्तीस वर्षं दुकान चालवलं, आता पोरगा पाहते, म्हून सांगतो. रॅलेच्या जुन्या फ्रेमचे आटे न्यारे रायतात. बाकीच्या सायकलींचे आटे तिले लागत नाहीत. जबरदस्तीनं फिरवलं तर सुरुवातीले फिरते, अन् मंग फ्रेम जाते.

कॉटर वारंवार ढिला होते म्हणजे कॉटरचाच दोष हाय असं नसते. कॉटर जिथं टेकते ती जागा पाहा. एक्सलवर जी सपाट खाच असते ती मारून गोल झाली का, क्रँकचं भोक लांबोळं झालं का, अन् आतापर्यंत टाकलेले कॉटर बरोबर जाडीचे होते का. तीनपैकी काहीतरी एक निघंल. जुने कॉटर फेकले नसतील तर व्हर्निअरनं मोजून इथं लिहा.

अन् क्रँक काढताना एवढं कराच. कॉटरचं नट पूर्ण काढू नका, नटाचं तोंड कॉटरच्या टोकाबरोबर येईल एवढंच सोडा, म्हणजे आटे चेपणार नाहीत. खालून क्रँकले लोखंडी पाइपाचा टेकू द्या, कॉटरचं डोकं पाइपाच्या पोकळीत उतरलं पायजे. आदल्या रात्री पातळ तेल सोडून ठेवा. मंग जड हातोडीचा एकच नीट ठोका. हलक्या हातोडीनं दहा ठोके मारले तर कॉटर वाकते, निघत नाही.

धानपट्टा | ४ जून, सकाळी ७:२५

मी ब्रह्मपुरीकडचा. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या २२ इंची देशी सायकलवर कॉटरलेस बसवलं आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. बांधावरून, चिखलातून जातो, दोन पावसाळ्यांत बीबीला हात लावावा लागला नाही. त्यामुळे कॉटरलेस वाईट असं नाही. पण माझ्या फ्रेमचं शेल (जिच्यात बीबी बसते ती तळाची नळी) मोजून ६८ मिलीमीटर होतं आणि आटे साधे, बीएसए मापाचे होते. म्हणून ते बसलं.

आकड्यांबद्दल सांगतो, कारण मी त्यातच एकदा फसलो. ६८ म्हणजे फ्रेमच्या तळाशी जी आडवी नळी आहे, जिच्यात एक्सल बसतो, तिची रुंदी. १२२.५ म्हणजे एक्सलची या टोकापासून त्या टोकापर्यंतची लांबी. दुकानात मिळाली म्हणून मी १२७ ची बीबी घेतली. बसली. पण चैन सारखी उतरायची आणि घरघरायची. मग पट्टी घेऊन बसलो. फ्रेमच्या मधल्या नळीच्या मध्यापासून मागच्या फ्रीव्हीलच्या दातांपर्यंत अंतर ४२ मिली, आणि त्याच मध्यापासून पुढच्या चैनव्हीलच्या दातांपर्यंत ४८. म्हणजे चैन सहा मिली तिरपी धावत होती.

एक्सल जितका आखूड घ्याल त्याच्या निम्मं अंतर चैनव्हील आत येतं. मला सहा मिली आत हवं होतं, म्हणजे एक्सल बारा मिलीनं आखूड. ११५ चा घेतला आणि चैन सरळ झाली. आखूड करताना चैनव्हील मागच्या फ्रेमच्या नळीला घासणार नाही ना, हे आधी पाहावं लागतं. माझ्याकडे बोटभर जागा होती.

लेथवरचा | ४ जून, दुपारी १:४०

हिंगणघाटहून. छर्रेवाला काका बरोबर सांगतात, मी त्याला मापाची जोड देतो.

आपल्याकडे आणि जगभरात बहुतेक सायकलींना जे आटे असतात ते १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४. त्याला बीएसए माप म्हणतात. बीएसए म्हणजे मूळ बर्मिंगहॅमची बंदुका करणारी कंपनी, नंतर ती सायकलीत आली. रॅलेनं मात्र स्वतःचं वेगळं माप ठेवलं: १⅜ इंच व्यास, इंचाला २६ आटे, आणि शेलची रुंदी ७१ किंवा ७६ मिली. व्यास बघा, १.३७ आणि १.३७५. फरक केसाएवढा. म्हणून २४ ची वाटी २६ च्या शेलमध्ये तोंडाला धरते, आणि फिरवणाऱ्याला वाटतं की बसली. दोन-तीन फेऱ्यांनंतर जड होते. तिथे पान्याला पाइप लावला की संपलं.

ओळखायचं कसं? आटे मोजायची खास पट्टी नसेल तरी चालेल. डाव्या बाजूची वाटी काढा (डावीकडे आटे सरळ असतात, नेहमीसारखी उघडते) आणि तिच्या आट्यांवर पट्टी धरून अर्ध्या इंचात, म्हणजे १२.७ मिलीत किती आटे येतात ते मोजा. १२ आले तर २४ चं माप, १३ आले तर २६ चं. आटे घाणीनं भरलेले असतील तर आधी डिझेल आणि दात घासायच्या ब्रशनं साफ करा, नाहीतर एकाचा घोळ होतो आणि इथे सगळा फरक एकाचाच आहे. अर्ध्या इंचाएवढी आट्यांची लांबी मिळाली नाही, तर माप पक्कं माहीत असलेल्या दुसऱ्या वाटीचे आटे या वाटीच्या आट्यांना लावा आणि उजेडात धरा. एकात एक नीट बसले तर माप एकच.

सायकलवाली | ४ जून, संध्याकाळी ६:१५

दादा, लेथवरचा दादांनी लिहिलंय ते माझ्या बाबतीत घडलेलं आहे, म्हणून लिहिते. मी मोर्शीची. बाबांची सायकल माझ्या मापाची करून घ्यायची म्हणून दुकानात दिली होती. मी समोर उभी होते. वाटी दोन फेरे गेली, मग त्यांनी पान्यावर हातभर पाइप घातला. वाटीबरोबर लोखंडाचा भुगा बाहेर आला. तेव्हा मला वाटलं गंज असेल. तो गंज नव्हता, फ्रेमचे आटे होते. नंतर जुनी वाटीही धरेना आणि नवीही धरेना. बाबा काही बोलले नाहीत, पण फ्रेमवरून हात फिरवत राहिले. ते मला अजून आठवतं.

ज्यांची फ्रेम आधीच अशी झाली असेल त्यांनी फ्रेम भंगारात देऊ नये. बिनआट्याची बीबी मिळते. तिचे दोन भाग दोन्ही बाजूंनी शेलमध्ये जातात आणि आतल्या आत एकमेकांना घट्ट ओढून शेलला धरून राहतात. मी मागवून बसवली, दोन वर्षं झाली, हललेली नाही. पण तो आजारानंतरचा उपाय आहे. तुमची फ्रेम धडधाकट आहे, तिला तसं होऊ देऊ नका.

आर्वीकर | ६ जून, रात्री ८:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. दुकानदाराला नको म्हणून सांगितलं. काल रात्री तेल सोडलं, आज सकाळी गावच्या लोहाराकडे सायकल नेली. त्यांनी पाइपाचा टेकू देऊन एका ठोक्यात कॉटर काढला. मापं अशी:

शेल ७१ मिली. डाव्या वाटीवर अर्ध्या इंचात १३ आटे, तीनदा मोजले. म्हणजे २६ चं माप.

आता कॉटर. क्रँकमधल्या कॉटरच्या भोकाचा व्यास ९.५ मिली. होळीपासून टाकलेल्या तीनपैकी दोन कॉटर डब्यात सापडले. दोन्ही ९ मिलीचे. बाबांच्या डब्यात एक गंजलेला जुना कॉटर होता, तो ९.५ भरला.

एक्सलच्या डाव्या खाचेची कड मारून गोल झाली आहे. बोट फिरवलं तर कळते. उजवी खाच ठीक दिसते. क्रँकचं मोठं भोक आणि एक्सल यांच्यात मला तरी खडखड जाणवत नाही.

आणखी एक गोष्ट पाहिली. चैनव्हीलमध्ये बगळ्यांचे तीन आकार कापलेले आहेत. लहानपणी मी चाक हातानं फिरवून ते बगळे पळवायचो. ते चैनव्हील उजव्या क्रँकवर कायमचं दाबून बसवलेलं आहे, बोल्ट नाहीत. म्हणजे कॉटरलेस घेतलं असतं तर उजवा क्रँक जाताना तेही गेलं असतं. दुकानात हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं.

छर्रेवाला | ६ जून, रात्री ९:३५

पाहा भाऊ, सापडलं. साडेनऊच्या भोकात नऊचा कॉटर. अर्धा मिली म्हणजे दिसायले काहीच नाही, पण दर पायडलाले तो कॉटर खाचेवर आपटते. तोच आपटून आपटून खाच गोल केली. बाजारात ९ चे अन् ९.५ चे दोन्ही कॉटर मिळतात, डब्यात एकत्र पडले असतात, दिसायले सारखे. माझ्या दुकानात मी दोन डबे न्यारे ठेवले होते अन् पोराले तेच शिकवलं.

आता नुसता ९.५ चा टाकून भागणार नाही. खाच गोल हाय, नवा कॉटरही ढिला होईन. एक्सल बदलाच. पण वाट्या नका बदलू. तुमच्या वाट्यांचे रस्ते आतून पाहा. जिथं छर्रे धावतात तिथं एकसारखी चमकती पट्टी असंल तर उत्तम. खड्डे पडले असतील तर सांगा, मंग विचार करू.

पुसदचा पोरगा | ७ जून, सकाळी ६:४८

एक शंका. डावीकडे सरळ आटे आणि उजवीकडे उलटे, असं कशाला? दोन्हीकडे सरळ ठेवले असते तर सोपं नसतं का?

लेथवरचा | ७ जून, दुपारी १२:२०

चांगला प्रश्न आहे. इटलीच्या मापात दोन्हीकडे सरळच असतात, ३६ मिली व्यास, शेल ७० मिली. आणि त्या सायकलींची उजवी वाटी चालवता चालवता सुटते, ही जुनी तक्रार आहे.

कारण असं. एक्सल पुढे फिरतो, वाटी स्थिर असते आणि मध्ये छर्रे लोळतात. तुमचं वजन वाटीच्या एका जागी दाबतं आणि त्या दाबाखाली छर्रे वाटीला एक्सलच्या उलट दिशेनं कणाकणानं ढकलत राहतात. एका फेरीत काही दिसत नाही, हजारो फेऱ्यांत वाटी सरकते. उजवीकडून पाहिलं तर एक्सल घड्याळाच्या दिशेनं फिरतो, म्हणजे वाटी त्याच्या उलट सरकू पाहते. तिथे आटे उलटे असले की तीच ढकलणी वाटी आवळते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात त्यामागेही हेच कारण आहे.

चांदूरची आई | ७ जून, रात्री ८:०५

माझ्या मुलीच्या छोट्या सायकलचाही क्रँक खुळखुळतो. पण तिथे कॉटर दिसतच नाही, दोन्ही बाजूंचे क्रँक आणि मधला दांडा एकच वाकवलेली सळई आहे. त्याला यातलं काही लागू होतं का?

छर्रेवाला | ७ जून, रात्री ८:४०

नाही ताई, ते एकसंध क्रँक. त्याच्या शेलले आटेच नसतात, वाट्या ठोकून बसवल्या असतात. खुळखुळते म्हणजे बहुतेक डाव्या बाजूचा कोन (छर्रे दाबून धरणारं निमुळतं नट) सुटला असंल. डावं पायडल काढायची गरज नाही. डाव्या बाजूचं मोठं नट अन् त्याच्यामागचा कोन दोन्ही उलट्या आट्यांचे असतात, म्हणजे आवळायले घड्याळाच्या उलट फिरवा. कोन हातानं इतपतच आवळा की खुळखुळ जाईल पण क्रँक मोकळा फिरंल, मंग नट घट्ट. अन् तिचं पायडल कधी बदललं तर सांगून आणा, त्याचा आटा अर्धा इंची असते, मोठ्या सायकलीचा ९/१६.

आर्वीकर | ९ जून, रात्री १०:१०

एक्सल कुठे मिळेल? वर्ध्याला दोन दुकानं पाहिली, मिळाला नाही. लेथवरचा दादा, तुम्ही नवा घडवून द्याल का? लागेल तो खर्च देईन. आणि एक मनात आलेलं विचारतो, रागावू नका. शेलमध्ये २४ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून ते साध्या मापाचं करून घेता येणार नाही का? मग पुढे कधीच शोधाशोध नको.

लेथवरचा | ९ जून, रात्री १०:५५

रागवायचं काय, हा प्रश्न माझ्याकडे येणारे पुष्कळजण विचारतात. करता येतं. शेलच्या दोन्ही तोंडांवरून थोडं थोडं उतरवून ७१ चं ६८ करायचं आणि २४ चा टॅप फिरवायचा. व्यास जवळजवळ सारखा म्हणून टॅप धरतो. पण जुन्या आट्यांची धातू त्यात जाते आणि उरलेले आटे पोकळ राहतात. आणि एकदा केलं की परत २६ चं करता येत नाही. आजोबांच्या फ्रेमवर मी हा हात चालवणार नाही.

एक्सलबद्दलही नाही म्हणतो. लेथवर आकार मी दोन तासांत काढीन, दिसायला हुबेहूब. पण छर्रे जिथे धावतात ती पट्टी कडक केलेली आणि घासून गुळगुळीत केलेली असावी लागते. माझ्याकडे ते कडक करायची नीट सोय नाही. मऊ एक्सलवर छर्रे महिन्याभरात चर पाडतील. खोटं काम करून पैसे घेणं मला जमणार नाही.

तुम्ही नागपूरला इतवारीत जाऊन जुना माल शोधा. सोबत जुना एक्सल न्या. दुकानात चार मापं जुळवा: पूर्ण लांबी, दोन छर्रे-पट्ट्यांमधलं अंतर, टोकांची जाडी आणि कोणती बाजू लांब आहे ते. यातलं पट्ट्यांमधलं अंतर सगळ्यात महत्त्वाचं. ६८ च्या शेलच्या एक्सलला ते साधारण ५२ मिली असतं. तुमचं शेल तीन मिली रुंद आहे, तुमचा एक्सल ५५ च्या आसपास भरेल. ५२ चा घेतला तर डावी वाटी खूप आत जाईल आणि वाटी जागेवर धरणारी रिंग बसायला आटेच उरणार नाहीत.

आर्वीकर | १४ जून, रात्री ९:००

मिळाला! इतवारीत तिसऱ्या दुकानात, पत्र्याच्या डब्यात, मेणकागदात गुंडाळलेला. दुकानाचे वयस्क मालक स्वतः व्हर्निअर घेऊन बसले. पट्ट्यांमध्ये ५५, टोकं १६ मिली, उजवं टोक लांब. त्यांनीच ९.५ चे चार कॉटर मोजून दिले आणि पाव इंची छर्रे. परतताना बसमध्ये एक्सल हातातच धरून होतो.

वाट्यांचे रस्ते साफ आहेत, खड्डे नाहीत. उजवी वाटी काढलेली नाही. शेलच्या वर तेल टाकायचं छोटं भोक आहे, त्याचं झाकण गायब आहे. बाबा दर बाजाराच्या दिवशी तिथे तेलाचे चार थेंब टाकायचे. झाकण केव्हा पडलं ते मला माहीत नाही. आत काळ्या मातीचा लगदा निघाला, वाळून ढेकूळ झालेला.

काका, आता बसवायचं कसं ते सविस्तर सांगा.

छर्रेवाला | १४ जून, रात्री १०:२०

सांगतो, घाई करू नका.

उजवी वाटी तिथंच राहू द्या, चांगलं केलं. शेल आतून डिझेलनं धुवा, पुसून कोरडं करा. दोन्ही वाट्यांमंधी ग्रीस भरा अन् छर्रे एकेक करून त्यात चिकटवा. एका बाजूले अकरा. पिंजऱ्यातले छर्रे विकत घेतले तर त्यात नऊच असतात, त्याच्यापेक्षा सुटे अकरा बरे, वजन वाटून जाते. अकरा टाकल्यावर थोडी जागा उरते, बारावा बसंल असं वाटते. तो टाकायचा नाही. छर्रे एकमेकांले अडून घासतात.

एक्सलचं लांब टोक उजवीकडं. डावी वाटी हातानं फिरवत आत न्या. हातानं फिरली पायजे, पहिल्या चार फेऱ्या पाना लावायचाच नाही. एक्सल बोटांनी फिरवून पाहा. वर-खाली हलत नाही अन् फिरताना खरखर नाही, अशी एक जागा सापडते. तिथं वाटी धरून ठेवा अन् रिंग आवळा. रिंग आवळली की वाटी थोडी सरकते, म्हून पहिल्या खेपेले बहुतेक जास्त आवळल्या जाते. सोडा अन् पुन्हा करा. मले अजूनही दोन-तीनदा कराव लागते. चैन नसतानाच हे करा, चैन लावल्यावर हाताले काही कळत नाही.

आता कॉटर. नव्या कॉटरच्या सपाट बाजूवर शाई लावा, पेनाची चालते. भोकात घालून हलका ठोका द्या, काढा अन् पाहा शाई कुठं पुसल्या गेली. सगळ्या सपाटीवर पुसली तर काम झालं. एका कडेलेच पुसली तर तेवढीच कड कानशीनं एक-दोन हात घासा. कानस सपाट धरा, डुलवू नका. पुन्हा शाई, पुन्हा पाहा. या कामाले अर्धा तास लागते अन् कोणी तो देत नाही, म्हून कॉटरचं नाव खराब झालं.

मंग खालून पाइपाचा टेकू. सायकलीचं वजन पाइपावर आलं पायजे, नाहीतर ठोका छर्र्यांवर जाते अन् नव्या एक्सलवर टिकल्या पडतात. जड हातोडीचे दोन-तीन नीट ठोके. त्याच्यानंतर नट. नट हे कॉटर पडू नये म्हून असते, कॉटर आत ओढाले नसते. पान्यानं ओढून आवळाल तर आटे तुटतात.

पन्नास किलोमीटर चालवा, पुन्हा टेकू देऊन एक ठोका द्या अन् नट पाहा. मंग सुखानं चालवा.

आर्वीकर | १६ जून, सकाळी १०:३०

बसवलं, पण एक गडबड झाली. सायकलवर बसलो तर दोन्ही पाय सरळ रेषेत नाहीत, एक पायडल खाली असताना दुसरं बरोबर वर येत नाही, थोडं पुढे राहतं. एक्सल चुकीचा आला का?

छर्रेवाला | १६ जून, सकाळी १०:४५

नाही नाही, एक्सल ठीक हाय. एका बाजूचा कॉटर उलटा घातला. उजवा क्रँक खाली करा अन् पाहा त्याचं नट मागच्या चाकाकडं हाय की पुढच्या. मंग फिरवून डावा खाली करा. त्याचंही नट त्याच बाजूले आलं पायजे. येत नसंल तर डावा काढून फिरवून घाला.

आर्वीकर | १६ जून, दुपारी १२:१५

तेच होतं. उजव्याचं मागे, डाव्याचं पुढे होतं. काढून फिरवलं, शाई पुन्हा तपासली. पायडल सरळ रेषेत आले. शेतापर्यंत जाऊन आलो. आवाज नाही. पांदणीत पाऊस पडून गेला होता, तिथे मुद्दाम उभं राहून जोरात पायडल मारले. क्रँक हलत नाही.

सायकलवाली | १६ जून, दुपारी २:५०

वाचून फार बरं वाटलं, दादा. तेलाच्या भोकाचं मात्र आजच्या आज करा. आपली काळी माती पाण्याबरोबर पातळ होऊन आत जाते. जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापून शेलभोवती ताणून घातली तर भोक झाकतं आणि तेल टाकताना बाजूला सरकवता येतं. सीटच्या दांड्याभोवतीही पाहा. तिथून पाणी नळीतून थेट खाली बीबीत उतरतं. तिथे मी ग्रीस भरून ठेवते.

धानपट्टा | १७ जून, रात्री ८:२०

अभिनंदन भाऊ. मी कॉटरलेसचा माणूस आहे आणि तरी म्हणतो, तुमच्या सायकलीला हेच योग्य होतं. ज्यांचं शेल ६८ आणि आटे २४ चे आहेत आणि जे कॉटरलेस बसवणार आहेत त्यांच्यासाठी एकच लिहून ठेवतो. कॉटरलेस एक्सलच्या चौकोनी टोकावर क्रँक बसवला की बोल्ट खरंच घट्ट हवा, ४० न्यूटन-मीटरच्या आसपास. वीस सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकावर वीस किलोचा जोर, असं समजा. पहिल्या आठवड्यात पुन्हा आवळा. ढिल्या बोल्टवर दोन दिवस चालवली तरी ॲल्युमिनियमच्या क्रँकचं चौकोनी भोक गोल होतं, आणि त्याला पुढे कोणताच उपाय चालत नाही. स्टीलचा एक्सल शाबूत राहतो, जातो तो क्रँक.

आर्वीकर | पोळ्याच्या आदल्या दिवशी

दोन महिने झाले. पन्नास किलोमीटरनंतर काकांनी सांगितल्याप्रमाणे ठोका दिला, उजवा कॉटर जरासा आत गेला, डावा जागचा हलला नाही. त्यानंतर पाना लावलेला नाही. ट्यूबची पट्टी टिकून आहे. दर गुरुवारी तेलाचे चार थेंब टाकतो, मुलगा पट्टी बाजूला धरतो. बगळे त्यालाही फिरवून पाहायचे असतात.

दारव्हा | पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी

धागा पूर्ण वाचला. माझ्याकडेही रॅले आहे, मामाची. शेल ७६ मिली भरलं. डाव्या वाटीवर अर्ध्या इंचात १३ आटे. एक्सल दोन्ही बाजूंनी गेलेला आहे. तुम्ही घेतला तसाच एक्सल इतवारीतून आणला तर चालेल का? मी पुढच्या आठवड्यात नागपूरला जाणार आहे.

आर्वीकर | त्याच दिवशी, रात्री

नाही चालणार, भाऊ. माझं शेल ७१ आहे, तुमचं त्याहून पाच मिली रुंद. माझ्या एक्सलच्या पट्ट्यांमध्ये ५५ आहे, तुमच्या एक्सलचं तेच अंतर त्याच हिशोबानं ६० च्या जवळ भरावं. पण हिशोबावर जाऊ नका, जुना एक्सल काढून प्रत्यक्ष मोजा आणि तोच सोबत न्या. कॉटर घेतानाही क्रँकचं भोक आधी मोजा. तुम्ही कोणत्या दिवशी जाणार ते कळवा. दुकानाची गल्ली मला पक्की आठवते, मी स्टेशनवरून तुमच्यासोबत येतो.